गृहतापन-बाष्पित्रांतील अल्पजल-विच्छेदक : स्थापना व कसोटी

१. प्रश्नाचे स्वरूप

चुलीवर पाणी ठेवून विसरल्यास भांडे कोरडे पडते व करपते, हा अनुभव कोणत्याही घराला नवा नाही. प्रेशर कुकरच्या झाकणावर म्हणूनच दोन स्वतंत्र सोयी केलेल्या असतात. शिट्टी वाफेचा दाब मर्यादेत ठेवते. शिट्टीची वाट तुंबली किंवा कुकर कोरडा पडून तापू लागला, म्हणजे झाकणातील मिश्रधातूची गुंडी वितळते व आतील वाफेला वाट मिळते. घरोघरी 'सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला' असे जे म्हणतात, ते हेच. दाब वाढणे व पाणी संपणे ही दोन निरनिराळी संकटे असून एकावरचा उपाय दुसऱ्यावर पुरा पडतोच असे नाही, हे तत्त्व या साध्या भांड्यातही दिसून येते.

हेच तत्त्व थंड हवेच्या प्रदेशांतील घरे उबदार ठेवणाऱ्या बाष्पित्रांना, म्हणजे व्यवहारात ज्यांना बॉयलर म्हणतात त्यांना, अधिक गंभीरपणे लागू पडते. अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत व शिकागोसारख्या शहरांत अनेक जुनी घरे आजही वाफेने तापविली जातात. तळघरातील बाष्पित्रात वाफ तयार होते, ती नळांवाटे खोल्याखोल्यांतील उष्णक-पेट्यांत जाते, तेथे उष्णता देऊन तिचे पाणी होते आणि ते पाणी गुरुत्वाने पुन्हा बाष्पित्रात परतते. अशा बाष्पित्राच्या सुरक्षा-झडपेची मर्यादा दर चौरस इंचास १५ पौंड असते. प्रत्यक्षात घर तापविण्यास त्याहून पुष्कळच कमी दाब पुरतो. पाण्याची पातळी धोक्याच्या रेषेखाली गेल्यास इंधन बंद करणारे जे उपकरण, त्याला तेथील कारागीर 'लो वॉटर कटऑफ' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्याला अल्पजल-विच्छेदक म्हटले आहे.

हे उपकरण वर्षानुवर्षे काहीच करीत नाही. ज्या एका रात्री त्याची गरज पडेल, त्या रात्री ते काम करील अशी खात्री कशाच्या आधारावर बाळगावयाची, हा येथील मुख्य प्रश्न होय. ज्या संकटासाठी उपकरण बसविले, ते संकट सुरक्षित मर्यादेत प्रत्यक्ष घडवून पाहिल्याशिवाय अशी खात्री मिळत नाही, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. पाणी कमी झाल्यास काय घडते

ज्वाळेचे तापमान हजार अंश सेल्सियसच्याही वर असते. तरीही बाष्पित्राचे लोखंड सुरक्षित राहते, कारण पलीकडच्या बाजूचे पाणी उष्णता सतत शोषून घेते. पाण्याने भिजलेल्या पत्र्याचे तापमान पाण्याच्या तापमानाहून फारसे वर चढत नाही. पाणी खाली गेले की हे संरक्षण संपते. उघड्या पडलेल्या पृष्ठभागाचे तापमान झपाट्याने वाढते. साध्या पोलादाचे बल सुमारे ४५० अंश सेल्सियसच्या पुढे वेगाने घटते, तर ओतीव लोखंडाचे खंड असमान प्रसरणामुळे तडकतात.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. पाणी संपत आले असता दाब वाढेलच असे नाही. वाफ करण्यास पाणीच उरले नाही तर तो उलट घटू शकतो. म्हणून सुरक्षा-झडप पूर्णपणे निर्दोष असूनही या प्रसंगी मूकपणे पाहत राहते. त्याहून मोठा धोका पुढच्या क्षणी उद्भवतो. घाबरलेला घरमालक किंवा स्वयंचलित जलपूरक तापलेल्या कोरड्या लोखंडावर थंड पाणी सोडतो. वातावरणाच्या दाबाखाली १ लिटर पाण्याची सुमारे १,६७० लिटर वाफ होते. तापलेल्या धातूवर असे पाणी पडले तर ओतीव लोखंड तत्काळ फुटू शकते, आणि एकाएकी निर्माण झालेल्या वाफेस वाट न मिळाल्यास स्फोटही होऊ शकतो. यावरून पहिला नियम निघतो : काचनळीत पाणी दिसत नसेल तर इंधन बंद करावे, बाष्पित्र आपोआप निवू द्यावे, आणि ते पुरते निवेपर्यंत पाण्याला हात लावू नये.

हे संकट किती वेगाने येते याचा हिशेब करता येतो. ताशी १,००,००० ब्रिटिश उष्णता-एकके, म्हणजे सुमारे २९ किलोवॉट, इतकी उष्णता पाण्यास देणारे मध्यम आकाराचे घरगुती बाष्पित्र घेतले, तर १ किलोग्रॅम पाण्याची वाफ होण्यास लागणाऱ्या सुमारे २,२५७ किलोज्यूल सुप्त उष्णतेच्या हिशेबाने ते तासाला सुमारे ४७ लिटर पाण्याची वाफ करते. परतीच्या नळाला भोक पडून हे पाणी जमिनीत मुरू लागले, तर दर मिनिटाला पाऊण लिटरहून अधिक पाणी कमी होईल. घर रिकामे असेल किंवा माणसे झोपलेली असतील, तर हे कोणाच्या लक्षातही येणार नाही.

३. पाळत ठेवणाऱ्याची जागा

वितळणाऱ्या गुंडीची कल्पना फार जुनी आहे. १८०३ साली लंडनजवळ ग्रिनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिक याच्या उच्चदाब एंजिनाचा स्फोट होऊन मनुष्यहानी झाली. त्यानंतर त्याने बाष्पित्राच्या तापणाऱ्या भागात शिशाची गुंडी बसविण्याची युक्ती योजिली. पाणी खाली गेले की शिसे वितळे आणि वाफेच्या फवाऱ्याने इशारा मिळे. परंतु अशी गुंडी एकदाच काम करते आणि तिची परीक्षा म्हणजे तिचा नाश.

कोळशाच्या काळात घरातील कोणीतरी दिवसातून अनेकदा भट्टीत कोळसा टाकावयास तळघरात उतरत असे आणि त्याच वेळी काचनळीवर त्याची नजर पडत असे. १९२०च्या दशकापासून स्वयंचलित तेल-ज्वालक व पुढे वायु-ज्वालक घरोघर पसरले. थर्मोस्टॅटच्या हुकुमाने ज्वाळा आपोआप पेटू व विझू लागली. सोय झाली, परंतु पाळत ठेवणारा माणूस नाहीसा झाला. अल्पजल-विच्छेदक हा त्या माणसाच्या डोळ्याच्या जागी आलेला आहे. अमेरिकन यांत्रिकी अभियंता संस्थेच्या तापन-बाष्पित्रांविषयीच्या संहितेनुसार, स्वयंचलित ज्वालक असलेल्या प्रत्येक वाफेच्या बाष्पित्रावर असे उपकरण हवे, आणि पाणी काचनळीच्या दृश्य भागाच्या तळाशी येताच त्याने इंधन तोडले पाहिजे.

४. उपकरणाचे दोन प्रकार

पहिला प्रकार तरत्या गोळ्याचा. बाष्पित्राच्या बाजूस एक लहान कोठी असते व ती वर वाफेला आणि खाली पाण्याला जोडलेली असते. कोठीतील पातळी बाष्पित्रातील पातळीबरोबर वर-खाली होते. गोळा ठराविक रेषेखाली उतरला की दांडीच्या द्वारे स्विच उघडतो व ज्वालकाचा विद्युत्-प्रवाह तुटतो.

दुसरा प्रकार विद्युत्-शलाकेचा. बाष्पित्राच्या भिंतीतून विसंवाहक आवरणात बसविलेली एक धातूची शलाका पाण्यात शिरते. पाणी अल्प प्रमाणात विद्युत्-वाहक असल्याने शलाकेपासून पाण्यातून बाष्पित्राच्या अंगापर्यंत क्षीण प्रत्यावर्ती प्रवाह वाहतो. तो वाहत असेल तोवर रिले ज्वालकास परवानगी देतो. पाणी शलाकेखाली गेले की प्रवाह तुटतो व परवानगीही रद्द होते. उकळत्या पाण्याच्या हेलकाव्यांनी ज्वाळा वारंवार विझू नये म्हणून यात थोडा काळ-विलंब ठेवलेला असतो. काही उपकरणे ठराविक अंतराने ज्वालक थोडा वेळ थांबवितात आणि पाणी संथ झाल्यावर खरी पातळी पाहतात. फेसाला पाणी समजण्याची चूक त्यामुळे टळते.

५. स्थापना

स्थापनेतील चुका पुढे कसोटीतही दिसत नाहीत, किंवा कसोटीच अशक्य करून ठेवतात. म्हणून पुढील बाबींकडे आरंभीच लक्ष द्यावे लागते.

(अ) पातळी. उपकरणाच्या अंगावर विच्छेदनाची रेषा कोरलेली असते. बाष्पित्र-निर्मात्याने दिलेल्या किमान सुरक्षित पातळीशी ती जुळवावी. शलाकेसाठी निर्मात्याने नेमून दिलेले छिद्रच वापरावे. सोयीचे दुसरे छिद्र खाली असेल, तर शलाका पाण्यात आणि लोखंड उघडे, अशी स्थिती येते.

(आ) जोडनळ. गोळ्याच्या कोठीचे नळ किमान १ इंच व्यासाचे असावेत व त्यांवर बंद करता येणारी झडप नसावी. झडप चुकून बंद राहिली तर कोठीत अडकलेले पाणी सदैव 'सर्व ठीक' असेच सांगत राहील. प्रत्येक काटकोनी वळणावर साध्या वाकाऐवजी चौमुखी जोड बसवून मोकळ्या तोंडांस बूच लावावे, म्हणजे बूच काढून गाळ साफ करता येतो. कोठीच्या तळाशी पुरेशा रुंद व्यासाची निचरा-झडप असावी.

(इ) विद्युत्-जोडणी. थर्मोस्टॅट, दाब-मर्यादक व अल्पजल-विच्छेदक हे सर्व एकसरीत जोडलेले असावेत, म्हणजे कोणत्याही एकाने नकार दिला तरी इंधन थांबेल. घरातील नेहमीच्या दाबाच्या मंडलात विच्छेदकाने तटस्थ तार न तोडता जिवंत तार तोडली पाहिजे. शलाकेच्या प्रकारात प्रवाहाचा परतीचा मार्ग बाष्पित्राच्या धातूतून असल्यामुळे आट्यांत धातूला धातू भिडलेला असावा. सांधा भरण्याच्या सामग्रीचा अतिरेक हा मार्ग तोडू शकतो.

(ई) जलपूरक. पाणी आपोआप भरणारे उपकरण हे विच्छेदकाचा पर्याय नव्हे. ते गळतीवर पांघरूण घालते. नळ कुजत राहतो, पाणी भरत राहते व मालकाला काहीच कळत नाही. शिवाय नव्या पाण्याबरोबर विरघळलेला प्राणवायू येतो व लोखंडाचा क्षय वाढतो. वाफ नळांत असताना बाष्पित्रातील पातळी तात्पुरती खाली जाते; त्या वेळी जलपूरकाने घाई केली, तर परतीचे पाणी आल्यावर बाष्पित्र तुडुंब भरते. म्हणून जलपूरकास विलंब हवा, आणि त्याने किती पाणी घातले याची नोंदही हवी.

(उ) उष्ण जलाची बाष्पित्रे. काही घरांत वाफेऐवजी गरम पाणी फिरविले जाते. तेथे मंडल बंद व भरलेले असल्यामुळे काचनळी नसते. विच्छेदक बाष्पित्राच्या वरच्या बाजूस, बाष्पित्र व तो यांच्यामध्ये झडप येणार नाही अशा ठिकाणी बसवितात. उष्णक-पेट्या तळघरातल्या बाष्पित्राहून खाली असल्यास पाणी सहज निघून जाण्याचा संभव वाढतो, म्हणून तेथे त्याची गरज अधिक.

६. बोलके दोष व मूक दोष

कसोटीचा विचार करण्यापूर्वी उपकरण बिघडते कसे, हे पाहिले पाहिजे. गोळ्याला भोक पडून त्यात पाणी शिरले तर तो बुडतो व ज्वालक बंद पडतो. शलाकेवर विसंवाहक क्षारांचे कवच चढले तर प्रवाह तुटतो व ज्वालक बंद पडतो. तार सुटली तरी तेच होते. घर थंड पडते, घरातील माणसे कुरकुरतात, दुरुस्ती करणारा बोलाविला जातो. हे बोलके दोष होत. त्यांत गैरसोय असली तरी धोका नाही.

याउलट कोठीत गाळ साचून गोळा वरच अडकून बसला, स्विचचे स्पर्शबिंदू वितळून एकमेकांस चिकटले, शलाकेच्या विसंवाहक आवरणावर विद्युत्-वाहक मळाचा पूल तयार झाला, किंवा मागच्या हिवाळ्यात कोणी कारागिराने 'तात्पुरती' तार टाकून विच्छेदकालाच वगळले, तर घर उत्तम तापत राहते. कोणाचीही तक्रार येत नाही. हे मूक दोष होत. बोलक्या दोषांना कसोटीची गरजच नाही; ते स्वतःच आपली वार्ता देतात. कसोटी असते ती केवळ मूक दोषांसाठी. म्हणून कसोटीच्या कोणत्याही पद्धतीविषयी एकच प्रश्न विचारावयाचा : ती कोणते मूक दोष उघडकीस आणते व कोणते आणीत नाही?

७. कसोटीच्या पद्धती

सर्वांत सोपी पद्धत शलाकेच्या उपकरणावरील कळ दाबण्याची. कळ दाबताच ज्वालक थांबतो. यावरून रिले व इंधन-झडप चालू असल्याचे कळते. पाणी खाली गेल्याचे शलाकेस समजते की नाही, हे मुळीच कळत नाही. आवरणावरील मळाचा पूल या कसोटीतून सहीसलामत निसटतो.

दुसरी पद्धत निचऱ्याची. गोळ्याच्या उपकरणासाठी तापनाच्या हंगामात ती आठवड्यातून एकदा करावयाची असते. ज्वालक पेटलेला असताना कोठीखाली धातूची बादली ठेवून निचरा-झडप उघडतात. पाणी अत्यंत तापलेले असल्याने हातपाय दूर ठेवावे लागतात. ज्वालक तत्काळ थांबला पाहिजे. गढूळ पाणी जाऊन स्वच्छ पाणी येईपर्यंत झडप उघडी ठेवतात, मग बंद करतात, आणि गेलेल्या पाण्याची भरपाई करून बाष्पित्र उकळू देतात, म्हणजे नव्या पाण्यातील प्राणवायू निघून जातो. या पद्धतीने गाळ धुतला जातो, हा तिचा मोठा गुण. परंतु तिच्यातही एक उणीव आहे. वेगाने बाहेर पडणारा पाण्याचा लोट अडकलेल्या गोळ्यालाही खाली ओढू शकतो. खऱ्या संकटात मात्र पाणी हळूहळू उतरते व त्या वेळी गोळ्याला ओढणारे कोणी नसते.

तिसरी पद्धत मंद निचऱ्याची. कोठीची झडप न उघडता बाष्पित्राच्याच तळाच्या झडपेतून पाणी अगदी सावकाश काढतात व ज्वालक पेटलेला ठेवून काचनळीवर अखंड नजर ठेवतात. ज्वालक ज्या पातळीला थांबेल तिची नोंद करतात. पाणी काचेच्या तळाशी येऊनही ज्वालक चालू राहिला, तर त्याच क्षणी विद्युत्-पुरवठा हाताने तोडावयाचा असतो; म्हणून कसोटी सुरू करण्यापूर्वी एका माणसाने स्विचपाशी उभे राहावे. पाणी काढण्याऐवजी जलपूरक व परतीची वाट बंद करून बाष्पित्रास पाणी आटवू देणे, ही याच पद्धतीची अधिक कठोर आवृत्ती होय, कारण तीत उकळणे, फेस व हेलकावे हे सर्व खऱ्यासारखेच असते. कसोटीपूर्वी काचनळीच्या दोन्ही तोट्या मोकळ्या असल्याचे पाहून घ्यावे; तुंबलेली काचनळी खोटी पातळी दाखविते, आणि मग परीक्षकच फसतो.

उष्ण जलाच्या बाष्पित्रात ज्वालक बंद करून, बाष्पित्र निववून, झडपांनी ते मंडलापासून वेगळे करून, दाब उतरवून पाणी शलाकेखाली आणतात. मग थर्मोस्टॅटने मागणी करूनही ज्वालक पेटत नाही, हे पाहतात. हे काम कष्टाचे असल्यामुळेच ते टाळले जाते.

८. कसोटीचे अंतर

आठवड्याची कसोटी नियमाने केली म्हणजे वर्षाच्या कष्टाच्या कसोटीची गरज नाही, असा समज सहज होतो. साध्या गणिताने तो तपासता येतो. मूक दोष कोणत्याही क्षणी सारख्याच संभवाने उद्भवतो असे धरल्यास, दोन कसोट्यांमधील अंतर जितके असेल, सरासरीने त्याच्या निम्मा काळ तो दडून राहतो. आठवड्याच्या कसोटीत सापडणारा दोष सरासरी ३.५ दिवस दडेल. वर्षाच्या कसोटीतच सापडणारा सरासरी १८२ दिवस.

उदाहरणादाखल असे समजा की, मूक दोषांपैकी दोनतृतीयांश आठवड्याच्या निचऱ्यात सापडतात व उरलेला एकतृतीयांश केवळ मंद निचऱ्यात. मंद निचरा वर्षातून एकदा केल्यास दोष दडून राहण्याचा सरासरी काळ सुमारे ६३ दिवस येतो. आता आठवड्याची कसोटी रोज केली, तरी तो फक्त ६१ दिवसांवर उतरतो. उलट आठवड्याची कसोटी होती तशीच ठेवून मंद निचरा वर्षातून दोनदा केला, तर तो ३३ दिवसांवर येतो. प्रमाण कल्पित असले तरी निष्कर्ष त्यावर फारसा अवलंबून नाही : अपुऱ्या कसोटीची पुनरावृत्ती कितीही वाढविली, तरी तिच्या नजरेबाहेरचा दोष नजरेबाहेरच राहतो. तथापि म्हणून आठवड्याचा निचरा सोडावा असे नव्हे. तो गाळ धुतो, म्हणजे दोष उद्भवण्याचेच प्रमाण घटवितो. एक कसोटी दोष टाळते, दुसरी दोष शोधते. दोहोंची कामे वेगळी आहेत.

९. उपसंहार

अल्पजल-विच्छेदक बसविलेला असणे व घर सुरक्षित असणे या दोन विधानांमध्ये स्थापना, निगा व कसोटी या तीन पायऱ्या आहेत. उपकरण भिंतीवर दिसते, म्हणून मालक निर्धास्त होतो, आणि पूर्वी काचनळीकडे जाणारी नजर आता तिकडे वळतही नाही. कसोटी न झालेले उपकरण त्यामुळे उपकरण नसण्याहूनही अधिक धोक्याचे ठरू शकते. कुकरच्या गुंडीची परीक्षा घेता येत नाही, कारण परीक्षेतच ती संपते. तिच्याबाबत निर्मात्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. अल्पजल-विच्छेदकाची परीक्षा मात्र हवी तितक्या वेळा घेता येते व प्रत्येक परीक्षेनंतर तो पुन्हा कामास सिद्ध असतो. ही सोय उपलब्ध असल्यामुळेच ती वापरण्याची जबाबदारीही बसविणाऱ्यावर व घरमालकावर येते. तळघराच्या भिंतीवर कसोटीची तारीख व ज्वालक थांबला ती पातळी लिहिलेला एक साधा कागद टांगलेला असला, तर ते घर सुरक्षित आहे असे म्हणावयास आधार मिळतो.